गावाचा चेंडू

आमच्या क्लबच्या फाटकाजवळ एक संगमरवरी पाटी आहे. मेजर विल्मट नावाच्या साहेबाने या ओसाड माळावर नऊ होलचं गोल्फ मैदान आखलं आणि क्लबची स्थापना केली, असं तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं आहे. पाटी महागाची आहे, अक्षरं सोनेरी आहेत आणि मजकूर साफ खोटा आहे.

विल्मटने काहीही आखलं नव्हतं. तो देवळालीच्या छावणीतून घोड्यावर बसून भगूरच्या पुढे आमच्या गोठणवाडीच्या माळावर आला, तेव्हा इथे नऊ खळी आधीपासून होती. गावातल्या नऊ भाऊबंदांची नऊ खळी. खळं म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं, म्हणून सांगतो. मुरूम चोपून, शेणाने सारवून केलेलं गोल, गुळगुळीत अंगण. त्याच्या बरोबर मध्ये तिवडा नावाचा खांब रोवायचा, त्याला बैल बांधायचे आणि पसरलेल्या कणसांवरून गोल गोल फिरवायचे. मळणी झाली की तिवडा उपटून घरी न्यायचा, कारण चांगलं लाकूड माळावर कोण ठेवील? मागे उरायचं ते भोक.

आता गोल्फचं वेड असलेल्या माणसाला घोड्यावरून काय दिसलं असेल ते बघा. सगळा माळ मोकळा, त्यावर एकामागे एक नऊ गोल, गुळगुळीत जागा आणि प्रत्येकीच्या मधोमध एक भोक! त्याला वाटलं, आपल्या आधी कोणीतरी गोरा माणूस इथे गोल्फचं मैदान करून टाकून गेलाय. आमचे आजोबा चिमाजी सांगायचे की साहेब घोड्यावरून उतरून बराच वेळ क्लबहाऊस शोधत होता. शेवटी त्याने आजोबांनाच विचारलं. आजोबांना त्याची भाषा कळेना, त्याला आजोबांची. मग आजोबांनी त्याला पाणी दिलं आणि खळ्यात बुटांसकट उभा होता म्हणून हाताला धरून बाहेर काढलं.

आमचा क्लब असा सुरू झाला. आजोबांनी खळी खेळायला दिली, पण फुकाफुकी नाही. खळ्यावर धान्याची रास पडते, तिथे पायात घालून जायचं नाही, मग तो मेजर असो की लाटसाहेब असो. पीक आलं की खळी गावाची, मळणी उरकेपर्यंत साहेबांनी आपला खेळ कुठे करायचा तो करावा. आणि दर अक्षय तृतीयेला गावाचा एक माणूस आणि क्लबचा एक माणूस यांनी सामना खेळायचा. ही शेवटची अट का घातली असं मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आपल्या खळ्यात ते काय करत्यात ते आपल्याला नको का कळाया?"

पहिला सामना स्वतः आजोबाच खेळले, बाभळीची वाकडी काठी घेऊन. साहेबाकडे लोखंडाच्या आणि लाकडाच्या डझनभर काठ्या होत्या. पण खळं मध्ये किंचित उंच असतं, पाणी थांबू नये म्हणून. ते साहेबाला ठाऊक नव्हतं. त्याचा चेंडू भोकाजवळ जायचा आणि लाजल्यासारखा मागे फिरायचा. आजोबा जिंकले. त्या काळात हा साहेबांचा खासगी क्लब, आत आपल्या माणसाला प्रवेश फक्त पिशवी उचलायला. पण अक्षय तृतीयेच्या दिवशी चिमाजी मेजरच्या बरोबरीने फाटकातून आत जायचे, आणि खळ्याच्या कडेला दोघंही खाली बसून पायातलं काढायचे.

साहेब गेले. मग देवळालीचे पारशी आले, कंपन्यांचे मॅनेजर आले, द्राक्षबागाईतदार आले, आता बिल्डर आहेत. मळणीयंत्र आलं तशी गावाला खळ्यांची गरज उरली नाही. नऊपैकी सहा खळ्यांवर एकेक करून हिरवळ चढली. सातवं, आठवं आणि नववं तेवढी राहिली आहेत, गावाच्या बाजूला, लहानूच्या द्राक्षबागेच्या बांधाला लागून. तिथे आजही सभासद बूट काढून जातात. का काढतात ते कोणाला माहीत नाही. विल्मट साहेबाने स्वच्छतेसाठी नियम केला होता, असं ते पाहुण्यांना सांगतात!

मी पुंजाराम. गोठणवाडीचाच. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलो, मॅनेजर होऊन निवृत्त झालो आणि मधल्या काळात कंपनीने मला या क्लबचं सभासद करून दिलं. गावातला पहिला सभासद मी आणि बहुतेक शेवटचाही मीच. गावाला वाटतं मी साहेब झालो. क्लबात माझ्या टेबलाशी कोणी बसलंच तर पहिला प्रश्न द्राक्षाच्या भावाचा असतो. माझी एक वेलही नाही.

लहानू माझा सख्खा चुलत भाऊ. आम्ही एकाच अंगणात वाढलो. गावाच्या बाजूने कित्येक वर्षं तोच खेळायचा, जुन्या बाजारातून आणलेल्या एकाच लोखंडी काठीने, आणि चांगल्या चांगल्यांना घाम फोडायचा. मग एका अक्षय तृतीयेला माझ्या बायकोचं, उज्वलाचं ऑपरेशन होतं, म्हणून मी दवाखान्यात होतो. लहानू धुतलेला सदरा घालून फाटकातून आत गेला. त्याच वेळी कोणा सभासदाचा पाहुणा गाडीतून उतरला आणि लहानूला म्हणाला, "ए, बॅग उचल." लहानूने उचलली. खांद्यावर घेतली, व्हरांड्यापर्यंत नेली, नीट खाली ठेवली आणि न खेळता घरी निघून गेला.

नंतर धावाधाव झाली, माफी मागायला चौघं त्याच्या घरी गेले. त्याने त्यांना चहा पाजला, माफी घेतली नाही. मी दवाखान्यातून परत आल्यावर त्याने मला एकच विचारलं, "तू आजून जानार का तिथं?" मी म्हणालो, जाईन. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी काय करायला हवं होतं? सभासदत्व फेकून द्यायचं? मग गावाचं म्हणायला त्या आवारात कोण उरलं असतं? हे मी त्याला हजारदा सांगितलं असेल, मनातल्या मनात.

त्यानंतर गावाच्या बाजूने मी खेळू लागलो आणि क्लबच्या बाजूने शेखर. शेखर माझ्याच कारखान्यातला. त्याला खेळ फारसा येत नव्हता, बडबड भरपूर यायची. प्रत्येक अक्षय तृतीयेला तो हरायचा आणि माझ्या घरी आमरस-पुरी खाऊन जायचा. मागच्या दिवाळीत मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला.

फेब्रुवारीत आमचे अध्यक्ष दीपकशेठ यांनी मला व्हरांड्यात बसवून कॉफी मागवली. कॉफी मागवली तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"काका, यंदा शंभर वर्षं होतायत क्लबला," तो म्हणाला. "आता जरा लेव्हल वाढवायला पाहिजे. बाहेरचे प्लेअर्स येतात, त्यांना आपण शेणावर अनवाणी चालायला लावतो. लोक ऑनलाइन काय काय लिहितात, वाचलंय का तुम्ही?"

"शेणावर नाही. सारवलेल्या खळ्यावर."

"तेच ते. कमिटीचं म्हणणं आहे, तिन्हीवर ग्रास करून टाकू."

मी बोलायला लागलो आणि आवाज चढला. चढतोच माझा. विल्मटपासून चिमाजीपर्यंत सगळं त्याला सुनावलं. दीपक वाईट माणूस नाही, त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "काका, परंपरा चालू असेल तर मी स्वतः ठेवीन. हेरिटेज म्हणून बोर्ड लावीन. पण परंपरा म्हणजे दोन माणसं लागतात ना? शेखरकाका पुण्याला गेले. गावातून कोणी येत नाही. यंदा अक्षय तृतीयेला सामना झाला, गावाचा एक आणि क्लबचा एक, तर तिन्ही खळी राहतील. नाही झाला तर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर. फेअर आहे की नाही?"

फेअर होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

आता कोणी म्हणेल, तीन खळ्यांसाठी म्हाताऱ्याचा एवढा जीव का अडकावा? खरं सांगतो. उज्वला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी मनीषा बंगळुरूला, तिचा रविवारी फोन येतो. एरवी घरात माझा आवाज मला कुकरच्या शिट्टीवर ओरडतानाच ऐकू येतो. सकाळी मी क्लबवर जातो, एकटा खेळतो, एकटा चहा पितो. फक्त सातव्या खळ्याशी बूट काढले आणि पायाला ती गार जमीन लागली की मी कोणाचा तरी असतो. तिथे मी गावाचाही असतो आणि क्लबचाही, आणि कोणी मला निवडायला सांगत नाही. ती जमीन उकरली की मी दोन्हीकडचा उपरा. एवढंच.

पुरेसे दिवस होते, मी शोधाला लागलो. आधी शेखरला फोन केला. "अरे, गुडघे बदललेत माझे," तो म्हणाला. "दोन्ही. जिना चढू देत नाहीत, तू गोल्फ म्हणतोस?" मग तो बराच वेळ पुण्यातल्या बागेतल्या बाकांबद्दल बोलत राहिला. त्यालाही बोलायला कोणी नव्हतं हे कळत होतं, म्हणून मी ऐकत राहिलो.

क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मराठीत आणि इंग्रजीत आवाहन टाकलं. सव्वाशे सभासद आहेत. अंगठे आले, जोडलेले हात आले, एकाने फुलांचा गुच्छ पाठवला. "ग्रेट इनिशिएटिव्ह काका!" असं तर पुष्कळांनी लिहिलं. खेळायला कोण येणार विचारलं की सणाचा दिवस आहे, घरी पाहुणे आहेत, फॅमिली लंच आहे. क्लबचा माणूस मिळाला नाही तरी मला चाललं असतं, कारण सभासद मी होतोच. मी क्लबच्या बाजूने खेळलो असतो. मग हवा होता गावाचा. गावात गोल्फची काठी धरता येणारा एकच होता, आणि तो कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लहानूच्या घरी गेलो तेव्हा तो ओट्यावर द्राक्षवेली छाटायच्या कात्रीला धार लावत होता. त्याची बायको कुसाबाई लगबगीने पुढे आली. "या भाऊजी, बसा," म्हणाली आणि पाणी आणलं. तिने आमचं भांडण कधीच मानलं नाही. दोघं भाऊ एका ओट्यावर बसलेले आणि मध्ये ती, अशी आमची बोलणी झाली.

"वहिनी, याला सांगा, खळी उकरणार आहेत," मी म्हणालो.

"आयकलं त्यांनी," ती म्हणाली.

"त्याला म्हनाव, उकरू दे," लहानू कात्रीकडे बघत म्हणाला. "कोनाची खळी? गावाची हायेत का आता?"

"याला विचारा, आजोबांची नाहीत का?"

"त्याला म्हनाव, आजा फाटकातून ताठ जायचा. मी वझं घिऊन गेलो. आता त्या फाटकातून नाय जायाचं." मग म्हणाला, "खरडछाटनीचं लय काम पडलंय, आसंबी सांग."

कुसाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला काहीच सांगावं लागलं नाही. तिने चहा केला, मी प्यायलो, लहानू आपला कप घेऊन बागेत निघून गेला. परत येताना मी रस्त्यात उभं राहून त्याला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. दोन शेळ्यांनी ऐकल्या.

अक्षय तृतीया आली. घरी मी पितरांसाठी पाण्याची घागर पुजली, उज्वलाच्या फोटोपुढे आमरसाची वाटी ठेवली आणि क्लबवर गेलो. मंगलाबाईने आदल्या दिवशी तिन्ही खळी सारवून ठेवली होती. गावातली तिच्याइतकी सारवणारी आता दुसरी कोणी नाही, आणि ती मला म्हणाली होती, "भाऊ, शेवटचंच म्हनून लय निगुतीनं काढलंया बगा." मैदानावर चिटपाखरू नव्हतं. व्हरांड्यात खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. सणाचं जेवण सोडून कोण येतं? मी वाट पाहिली. किती वेळ पाहिली ते सांगत नाही, पण ऊन चढलं. लहानूच्या बागेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. छाटणीनंतर फुटलेल्या दाट पानांपलीकडे काही दिसत नव्हतं.

मग मी पिशवीतून दोन चेंडू काढले. एक पांढरा, एक पिवळा. पांढरा क्लबचा, पिवळा गावाचा, असं स्वतःशी मोठ्याने म्हणालो, म्हणजे नंतर लबाडी व्हायला नको. आणि उरलेल्या तीन खळ्यांचा सामना सुरू केला.

ज्याचा चेंडू खळ्यापासून लांब, त्याने आधी मारायचं, असा खेळाचा रिवाज आहे. मी पांढऱ्याकडे चालत जायचो, मारायचो, मग उलटा पिवळ्याकडे चालत जायचो. सातव्याला पिवळ्याचा एक फटका असा सुरेख बसला की मी क्लबच्या वतीने "वा!" म्हणालो. शेखर नेहमी म्हणायचा तसं. आणि लगेच मला इतकं मेल्यासारखं झालं की तिथेच खाली बसलो. एकट्या माणसाला सगळं करता येतं. स्वयंपाक करता येतो, ताप काढता येतो. पण आपल्याच फटक्याला आपण वा म्हणायचं, हे कोणावर येऊ नये.

उठलो. बूट काढले, सातवं खळं गावाने जिंकलं. आठवं क्लबने. नवव्यावर दोन्ही चेंडू सारख्याच फटक्यांत खळ्यात आले, पांढरा लांब, पिवळा भोकापासून हातभर. पांढरा आधी मारला. तो मधल्या उंचवट्यावर चढला, क्षणभर थांबला आणि आत गेला. मला स्वतःचा राग आला, इतका चांगला फटका क्लबसाठी मारायची काय गरज होती! पण मारला होता. आता पिवळा आत गेला तर बरोबरी, म्हणजे आणखी खेळायचं. हातभराचं अंतर. लहान मुलानेही मारावं. मी काठी धरली आणि हात थरथरायला लागला. चेंडू भोकाच्या कडेला लागला आणि बाजूला सरकला.

कोणी बघत नव्हतं. पुन्हा ठेवून मारला असता तर कोण विचारणार होतं? पण फसवणारा मी आणि फसणाराही मीच, त्यात काय मजा? क्लब एका फटक्याने जिंकला. सामन्यानंतर हात मिळवतात. मी दोन्ही चेंडू उचलून खिशात टाकले आणि हात पुसले.

संध्याकाळी व्हरांड्यात कमिटीची मंडळी जमली होती, शंभरीच्या कार्यक्रमाची बैठक होती. मॅनेजर हर्षाली सगळ्यांना पन्हं देत होती. मला बघून दीपकने खुर्ची ओढली.

"काका, झाला का सामना?"

"झाला," मी म्हणालो.

"कोणाबरोबर?"

मी खोटं बोलणार नव्हतो. दोन चेंडू घेऊन एकटा खेळलो, असं सांगणार होतो. ते ऐकून ही मंडळी कशी एकमेकांकडे बघतील ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. हसणार नाहीत, तेवढे सुसंस्कृत आहेत. कीव करतील. शब्द जुळवायला मला वेळ लागला आणि तेवढ्यात दीपक म्हणाला, "लहानूकाका आले होते का? थांबा, त्यांनाच विचारतो." द्राक्षांच्या व्यवहारामुळे त्याच्याकडे नंबर होता. त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"कोन?" लहानूचा आवाज आला. मागे पंपाची घरघर.

"नमस्कार काका, मी दीपक बोलतोय, क्लबवरून. आज सामन्याला आला होतात का तुम्ही?"

घरघर चालू राहिली. मी पन्ह्याच्या पेल्याकडे बघत होतो. आता तो नाही म्हणणार, आणि ते खरंच असणार.

"आलो व्हतो की," लहानू म्हणाला.

"पुंजारामकाकांबरोबर खेळलात?"

"मंग? वाऱ्यासंगं खेळलो का? तिन्ही खळी खेळलो."

"अरे वा! आणि जिंकलं कोण?"

"गाव," लहानू म्हणाला आणि फोन ठेवला.

दीपकने टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवल्या. "काय काका, हरलात म्हणून गप्प होय!" असं कोणीतरी म्हणालं. दीपकने माझा हात हातात घेऊन सांगितलं की दिलेला शब्द तो पाळतो, तिन्ही खळी राहतील, ट्रॅक्टर रद्द. हर्षालीने मला पुन्हा पन्हं दिलं. ज्याच्यासाठी तीन महिने झोप लागली नव्हती ते हातात आलं होतं, आणि मला तिथे एक मिनिट बसवेना. पेला तसाच ठेवून निघालो.

लहानू बागेत पाण्याचा कॉक बंद करत होता. मी चिखलातून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. आज मध्ये कुसाबाई नव्हती.

"खोटं का बोललास?" मी म्हणालो. आभार मानायला गेलो होतो. तोंडातून हे आलं.

त्याने कॉक घट्ट केला. "खळी ऱ्हायली ना?"

"राहिली. पण गाव नाही जिंकलं. क्लब जिंकला."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "बगत व्हतो." इतक्या वर्षांनी तो माझ्याकडे बघून बोलत होता, आणि चेहरा चिडलेला होता. "नवव्याला तुजा हात कापला. क्लबच्या चेंडूला कापला नाय, गावाच्या येळंला कापला. हातभर तर व्हता! मी आसतो तर गेला आसता का नाय त्यो आत?"

"गेला असता."

"मंग गावच जितलं आसतं. म्या काय खोटं सांगितलं?"

मी आणखी मोठ्याने बोललो. "कुठून बघत होतास?"

त्याने बांधाकडे हात केला. बांधाच्या पलीकडे सातवं खळं होतं, उडी मारली तर पोचावं एवढ्यावर. "तू खाली बसलास ना, सातव्याला," तो म्हणाला, "तवा चपला काढल्या व्हत्या. म्हनलं जावं. फाटकातून नाय, हितूनच. पन पाय उचलंना. लय टायेम हुबा ऱ्हायलो."

किती जवळ होता तो! मी तिथे बसून मरणाचा एकटा झालो होतो आणि तो पानांआड अनवाणी उभा होता. मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली आणि त्याला धरून रडावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही.

"पुढच्या वर्षी ये," मी म्हणालो. "बांधावरूनच ये. मी हात देतो."

त्याने खूप वेळ विचार केला. खरंच विचार केला, हे मला दिसलं. मग मान हलवली. "नाय जमायचं, पुंजा. म्या वळखतो मला. तू खेळ. कुनी इचारलं तर व्हतो म्हनून सांगंन. दरसाली सांगंन."

"आणि मी मेल्यावर?" मी चिडून विचारलं.

"मंग काय," लहानू म्हणाला. त्याचा आवाज एकदम साधा होता, उद्याची कामं सांगावीत तसा. "मंग मी यीन. तुजा चेंडू कुनी मारायचा मंग?"

घराकडून कुसाबाईने हाक मारली, भाऊजींना जेवायला थांबवा म्हणून. तो पुढे चालू लागला आणि मी त्याच्या मागे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो खळ्यात येणार होता, हे आता नक्की झालं होतं, आणि ते बघायला मी नसणार होतो.